माजी सैनिक, घरची माणसं आणि घोडा: इंदूर-महूत आठ सत्रं कशी घ्यावीत

सगळ्यात आधी खोगीर बाजूला ठेवा. घोड्यासोबतचे उपचार म्हटलं की डोळ्यांसमोर रपेट येते, आणि इंदूरजवळच्या महू छावणीतून निवृत्त झालेल्या फौजींना तर ती हमखास हवी असते. पण झोप उडणं, दचकणं, क्षुल्लक कारणावरून भडकणं, घरात असून घरच्यांशी न बोलणं अशा तक्रारींसाठी जे काम उपयोगी पडतं, ते जवळजवळ सगळं जमिनीवर उभं राहून होतं. घोड्यावर बसलेला माणूस वरचढ असतो. शेजारी उभा राहिला की त्याला चारशे किलोच्या जनावराची मर्जी सांभाळावी लागते, आणि कामाचं असतं ते हेच.

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. घोड्याच्या चालीचा उपयोग करून फिजिओथेरपिस्ट शरीरावर उपचार करतो, ती हिप्पोथेरपी. अपंग व्यक्तींना रपेट शिकवणं ही दुसरी गोष्ट. पोलिओ झालेल्या डेन्मार्कच्या लिझ हार्टेलनं १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, रौप्यपदक जिंकलं, तेव्हापासून या रपेटीला जोर आला. तिसरं काम मनाचं. ते मानसोपचारतज्ज्ञासोबत, जमिनीवरून करायचं असतं, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या ईगाला या संस्थेच्या पद्धतीत कुणीच घोड्यावर बसत नाही. कोलंबिया विद्यापीठानं पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेल्या ६३ माजी सैनिकांवर केलेल्या चाचणीतही आठवड्याला एक, प्रत्येकी ९० मिनिटांची, अशी आठ सत्रं होती. लक्षणं कमी झाली. मात्र त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून याला जोडउपचार समजा. चालू गोळ्या आणि समुपदेशन यांपैकी काहीही यासाठी थांबवायचं नाही.

माणसं कोण हवीत

किमान तीन. पहिला, मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दुसरा, घोड्याचा जाणकार, जो सत्रभर फक्त घोड्याकडे बघेल. तिसरा मदतनीस, बहुधा सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा. पहिल्याशिवाय सुरुवातच करू नका. घोडेवाला कितीही समजूतदार असला तरी रिंगणात एखाद्याला कारगिलची रात्र आठवली, तर पुढे काय करायचं हे त्याचं काम नाही. उलट, डॉक्टर कितीही हुशार असला तरी घोड्याची शेपूट का फटकारते आहे हे त्याला कळत नाही. दोन्ही कामं एकाच माणसावर टाकली की दोन्हीकडे दुर्लक्ष होतं.

आधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलून घ्या. आत्महत्येचे विचार तीव्र आहेत, भास होतात, फिट्स आटोक्यात नाहीत, दारू पिऊन येण्याची शक्यता आहे किंवा घोड्याच्या केसांचा दम्याला त्रास होतो, अशांना तूर्त रिंगणात घेऊ नका. नुकतंच मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांना आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांची परवानगी लागेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्या घरांना देऊन ठेवा. संकट काही सत्राचा दिवस बघून येत नाही.

घोडा निवडताना

वय आठ ते अठरा, घोडी किंवा खच्ची केलेला घोडा. आपल्याकडे मारवाडी-काठियावाडी नर बहुतेक खच्ची न करता ठेवतात, आणि ते दिसायलाही रुबाबदार असतात. या कामाला ते नकोत. शेजारून घोडी गेली की त्याचं सगळं लक्ष तिकडे.

इंदुरात सगळ्यात सहज मिळते ती वरातीची घोडी. भाडं ठरवायला सोपी, गर्दीला सरावलेली, म्हणून मोह होतो. पण गर्दीत उभं राहणं म्हणजे शांत असणं नव्हे. डीजेच्या भिंतीपुढे नाचवलेली, कायद्यानं बंदी असलेले काटेरी लगाम तोंडात सोसलेली घोडी बरेचदा आतून बंद झालेली असते. ती काही करत नाही, कारण काही केलं तर मार बसतो हे तिला माहीत आहे. तुम्हाला हवा तो उलट स्वभाव: जे वाटतं ते दाखवणारा, पण लवकर शांत होणारा. शर्यतीतून किंवा पोलोतून निवृत्त झालेला घोडा चालेल, मात्र काही महिने नुसता मोकळा ठेवल्यावरच.

पारख अशी करा. घोडा मोकळा असताना दहा-बारा पावलांवरून छत्री उघडा, स्टीलचं ताट पाडा, ताडपत्री ओढत न्या, व्हीलचेअर फिरवा. त्यानं दचकायला हरकत नाही. मान वर करून बघितलं, दोन पावलं सरकला आणि अर्ध्या मिनिटात डोकं खाली घेतलं, तर तो कामाचा. अजिबात हललाच नाही, तर त्याची तब्येत आणि पूर्वीचं काम दोन्हींची चौकशी करा.

ग्लँडर्सची रक्ततपासणी टाळू नका. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि जिवावर बेततो. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत पाठवावा. धनुर्वाताची लस घोड्याला आणि रिंगणात येणाऱ्या प्रत्येकाला हवी. पावसाळ्यात चावणाऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप येऊन-जाऊन राहिला, वजन उतरलं, पोटाखाली सूज दिसली, की महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.

घोडे किमान दोन. एकट्या घोड्याचं चित्त सत्रात नसतं, तो सोबत शोधत राहतो. एका घोड्याला दिवसात दोनपेक्षा जास्त सत्रं नकोत.

जागा

१५ ते १८ मीटर व्यासाचं गोल रिंगण पुरतं. कुंपण लाकडी किंवा बांबूचं, छातीइतकं उंच. काटेरी तार कुठेही नको. माळव्याची काळी माती पावसात घोट्यापर्यंत रुतवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्हींत घोड्याचा पाय मुरगळतो. पाणी वाहून जाईल असा उतार काढा, वर दाबलेल्या मुरमाचा वीतभर थर आणि त्यावर चार बोटं वाळू घाला. वाळू याहून जाड टाकली की घोड्याच्या पायांच्या कंडरांवर ताण येतो. कुंपणाला लागून कण्हेर, एरंड किंवा धोतरा असेल तर मुळासकट काढा. शोभेसाठी लावलेली कण्हेरीची थोडीशी पानंही घोड्याचा जीव घेतात.

बसायच्या खुर्च्या कुंपणाबाहेर, सावलीत, आणि पाठीला भिंत किंवा झाड असेल अशा मांडा. फाटक प्रत्येकाला दिसलं पाहिजे. ज्याला दाराकडे पाठ करून बसवत नाही अशा माणसाला गोल करून मधोमध बसवलं, तर पहिली वीस मिनिटं तो फक्त मागे वळून बघण्यात घालवतो.

सामान थोडंच लागतं: सुती दोरीची मोहरकी (घोड्याच्या तोंडाभोवती बांधायची), साडेतीन मीटरचा सुती दोर, खरारा, मऊ ब्रश, खूर साफ करायचा आकडा, चार-सहा लाकडी दांडे. पायात बंद बूट, मुलांना जमिनीवरच्या कामातही हेल्मेट. ओढणी, लोंबता पदर, चपला नकोत. आणि पोहे-जिलबी कुंपणाबाहेरच. पाहुणे प्रेमानं घोड्यालाही जिलबी भरवतात, मग पोटदुखीच्या घोड्याला घेऊन रात्रभर चालावं लागतं.

सत्रांची बांधणी

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. पहिली दहा मिनिटं विचारपूस, पंधरा मिनिटं नुसतं निरीक्षण, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं काम, उरलेल्या वेळात बसून बोलणं. हे बोलणं घाईत उरकलं, तर सत्र वाया गेलं म्हणून समजा.

पहिल्या सत्रात कुणीही घोड्याला हात लावायचा नाही. दोन्ही घोडे मोकळे सोडा आणि कुटुंबाला बाहेरून बघू द्या. कान कुठे वळतात, कोण कुणाला हटवतं, मागचा पाय कधी सैल पडतो. घोडा भक्ष्य होणारं जनावर आहे. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा भाग सोडला तर त्याला चहूबाजूचं दिसतं, आणि धोका नसला तरी तो धोका शोधतो. हे सांगितलं की बरेच फौजी स्वतःच म्हणतात, "माझंही तेच आहे." तुम्ही म्हणू नका, त्यांना म्हणू द्या.

दुसऱ्या सत्रात जवळ जाणं. खांद्याच्या दिशेनं, तिरकस, बोलत बोलत. दोन हातांवर थांबायचं, श्वास सोडायचा, हाताची पाठ पुढे करायची. घोड्यानं मान वळवली, तर तो नकार. एक पाऊल मागे घ्या आणि पुन्हा विचारा. अफसरच्या अगाडीला आणि घोड्याच्या पिछाडीला जाऊ नये, हे फौजीला शिकवावं लागत नाही, मुलांना लागतं. मग खरारा: मानेपासून मागे, केसांच्या दिशेनं, हाडाळ जागी फक्त ब्रश. इथे एक गोष्ट नेहमी दिसते. माणसानं श्वास रोखला असेल, तर घोडा कातडी थरथरवतो किंवा सरकतो. माणसानं लांब श्वास सोडला, की घोडा ओठ चघळतो, मान खाली घेतो. जाणकारानं एवढंच विचारायचं: "आत्ता काय बदललं?"

तिसऱ्या-चौथ्या सत्रात घोडा चालवणं. घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी उभं राहा, उजवा हात मोहरकीपासून हातभर अंतरावर, उरलेला दोर डाव्या हातात घड्या घालून. तो मुठीभोवती कधीही गुंडाळू नका. घोडा उधळला तर बोटं जातात. नजर जायच्या जागेवर ठेवा आणि चालू लागा. हमखास होणारी चूक म्हणजे समोर वळून दोर ओढणं. घोडा पाय रोवतो, माणूस जोर लावतो, घोडा आणखी रोवतो. दोर हलकेच ताणून धरा आणि त्यानं एक पाय उचलताच पूर्ण सैल सोडा. घोडा ताणातून काहीच शिकत नाही, तो सैल सोडण्यातून शिकतो. परेडचा आवाज इथे चालत नाही. सुभेदारसाहेबांनी "चल!" म्हणून दरडावलं की घोडा डोकं वर करतो, आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी पुटपुटत त्याला फिरवून आणते. तेव्हा हसू नका, शाबासकीही देऊ नका. तो क्षण बसून बोलताना मानसोपचारतज्ज्ञाला लागणार आहे.

पाचवं आणि सहावं सत्र पूर्ण कुटुंबाचं, आणि सगळ्यात मोलाचं. दांड्यांनी जमिनीवर एक चौकोन आखा. मोकळ्या घोड्याला सगळ्यांनी मिळून, हात न लावता, दोर आणि खाऊ न वापरता त्या चौकोनात आणायचं. वेळ पंधरा मिनिटं. दुसऱ्या फेरीत बोलायचंही नाही. कोण हुकूम सोडतं, कोण कोपऱ्यात जाऊन उभं राहतं, वहिनी घोड्याकडे बघतात की नवऱ्याच्या चेहऱ्याकडे, हे पाच मिनिटांत दिसतं. बाहेरच्यानं अर्थ लावायचा नाही. "तुमच्या घरात असंच होतं ना?" हा प्रश्न सगळ्यात वाईट. "घोडा कधी हलला? त्याच्या आधी कोण काय करत होतं?" इतकंच विचारा. घोडा चौकोनात आला नाही तरी सत्र फसलं असं नाही.

सातव्यात मागचं हवं ते पुन्हा. आठवं निरोपाचं, पण त्याबद्दल सहाव्यापासूनच बोलत राहा. साथीदार अचानक गमावलेल्या माणसाला आणखी एक अचानक निरोप देऊ नये.

रिंगणात कुणी कोसळलं तर

भूतकाळ डोळ्यांपुढे उभा राहिलेला माणूस थिजतो, घामाघूम होतो, ऐकू येईनासं होतं. जाणकार आधी दोर घेतो आणि घोडा दूर नेतो. मानसोपचारतज्ज्ञ समोरून, दिसेल असा येतो. मागून खांद्यावर हात कुणीही ठेवायचा नाही, बायकोनंही नाही. त्याला नावानं हाक मारून कुंपणापाशी आणायचं, पाय जमिनीवर दाबायला, दिसणाऱ्या पाच वस्तू मोठ्यानं सांगायला लावायचं. त्या दिवशी घोड्याचं काम पुन्हा सुरू करू नका, पण त्याला एकटं घरीही पाठवू नका.

फटाक्यांच्या दिवसांत सत्रं ठेवू नका. दिवाळीचा आठवडा, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (देखाव्यांची) मिरवणूक, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि लग्नसराईच्या रात्रींनंतरची सकाळ, यांत घोडा आणि माणूस दोघंही झोपलेले नसतात.

नोंदी

पहिल्या सत्राआधी आणि आठव्यानंतर पीटीएसडीची लक्षणं मोजणारी पीसीएल-५ ही प्रश्नावली भरून घ्या. वीस प्रश्न, गेल्या महिन्याबद्दल, गुण शून्य ते ऐंशी. गुण मानसोपचारतज्ज्ञच वाचेल. शक्य असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा भरा, कारण पहिली उभारी टिकते की नाही ते तेव्हाच कळतं. घरच्यांना वेगळं विचारा: रात्री किती वेळा उठतात, जेवायला सोबत बसतात का.

घोड्याचंही रजिस्टर ठेवा. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, रोजची वैरण वजनाच्या सुमारे दोन टक्के, पाणी २५ ते ४० लिटर, नालबंद सहा-आठ आठवड्यांनी. सत्रानंतर पंधरा मिनिटांत नाडी खाली आली नाही, मोहरकी बघून घोडा पाठ फिरवू लागला किंवा खरारा करताना कान मागे पाडू लागला, तर दुसऱ्या वेळेची वाट बघू नका. पुढचे दोन आठवडे त्याच्या जागी दुसरा घोडा घ्या आणि पाठ, दात, खूर तपासून घ्या.