सबबींची वही

पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. दोन वर्षं मी "उद्यापासून" म्हणत राहिले. कधी कापूस वेचणी, कधी लाईन गेलेली, कधी बूट फाटलेले. मग जुन्या वहीत रोजची सबब लिहायला लागले, तोंडात आली तशीच. तुम्हीही लिहा आणि आठ दिवसांनी वाचा. माझ्या वहीत 'बूट नाही' पाचदा निघालं, आणि शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) तर मी रोज अनवाणीच चालायची!

जी अडचण खरी असेल, तिची वेळ बदला. वेचणीनंतर संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, हे खरंच. म्हणून पहाटे ५ वाजता, पांदण रस्त्यावर. कपडे रात्रीच उशाशी ठेवा. मायला मी सांगून ठेवलं, "मले उठव, माहं काई आयकू नोको." पहिल्या दिवशी नाल्यापर्यंतच धावा.