नायजरमध्ये मुलांचा दंड मोजताना या चुका टाळा

मुलांचं कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजायच्या रंगीत पट्टीइतकं स्वस्त आणि सुटसुटीत साधन आरोग्याच्या कामात क्वचितच असेल. मूल सहा महिने ते पाच वर्षांचं. घेर ११५ मिलिमीटरच्या आत भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; ११५ ते १२४ पिवळा, म्हणजे मध्यम; १२५ पासून पुढे हिरवा, म्हणजे ठीक. मेळघाटातल्या अंगणवाडीत लालचा जो आकडा, तोच पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरच्या झिंदेर भागातही. तरीही कुपोषित मुलं नजरेतून सुटतात, आणि दोष बहुतेक वेळा पट्टीचा नसतो. तिकडे कामाला जाणाऱ्यांनी, किंवा इथे बसून तिकडचे अहवाल वाचणाऱ्यांनी, काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पाय न बघणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. दोन्ही पावलांवर कुपोषणाची सूज असेल, तर पट्टी हिरवी दाखवत असली तरी मूल तीव्र कुपोषितच धरायचं. अशा मुलाचे गालही भरलेले दिसतात, त्यामुळे बाळानं अंग धरलं म्हणून घरचे खुशीत असतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३३ साली गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानातून, मक्यावर वाढलेल्या अशाच सुजलेल्या मुलांचं वर्णन लिहिलं होतं. म्हणजे पश्चिम आफ्रिकेला ही गोष्ट नवी नाही.

दोन्ही पावलांवर अंगठे ठेवा, तीन सेकंद दाबा, उचला. दोन्हीकडे खळगा राहिला तर सूज आहे. एकाच पायाला राहिला तर जखम किंवा गळू शोधा. रांग लांबली की पहिल्यांदा हीच पायरी गळते, म्हणून आधी पाय आणि मग दंड असा क्रमच लावून घ्या.

आकडे शून्यावर नि पाचावर थांबणं

संध्याकाळी नोंदवही उघडा. ११५, १२०, १२५, १३० अशीच माळ दिसली तर कुणीतरी अंदाजपंचे लिहितंय. यात नुकसान कसं होतं बघा: ११३ भरलेला दंड ‘सोयीसाठी’ ११५ लिहिला की मूल लालमधून पिवळ्यात गेलं, आणि अनेक ठिकाणी त्याबरोबर उपचारांच्या यादीतूनही गेलं.

पट्टी खेचली की कातडीला सुरकुती पडते आणि आकडा कमी येतो. सैल राहिली की जास्त येतो. खांदा आणि कोपर यांच्यामधला मध्यबिंदू शोधताना कोपर वाकवा, पण मोजताना हात सरळ नि सैल लोंबू द्या. बाही वर सरकवून भागत नाही, ती काढाच. दोन कार्यकर्त्यांचे आकडे जुळत नसतील तर दोघांनी तीच दहा मुलं एकमेकांचे आकडे न बघता दोनदा मोजावीत. चूक कुणाच्या हातात आहे ते लगेच कळतं. जुनी पट्टी ताणलीय अशी शंका आली तर घेर ठाऊक असलेल्या प्लॅस्टिकच्या नळीवर लावून बघा.

चुकीचा महिना, चुकीचा वार

नायजरमध्ये साधारण जून ते सप्टेंबर हे हलाखीचे महिने. गेल्या हंगामाची बाजरी संपलेली, नवी शेतात उभी, आणि याच पावसात मलेरियाही. या काळातले आकडे सुगीनंतरच्या आकड्यांशी ताडून ‘कुपोषण घटलं’ म्हणणं म्हणजे नुसती धूळफेक. तुलना करायची तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. पावसाळ्यात मलेरिया प्रतिबंधक गोळ्या द्यायला कार्यकर्ते दर महिन्याला घरोघर जातात, तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याच फेरीत पट्टी लावली तर वेगळं शिबिर भरवायला नको. शिबिर भरवायचंच असेल तर निदान आठवडी बाजाराचा वार टाळा.

आहाराचा सल्ला भलत्याच गावचा

दूध, अंडी, फळं असा तक्ता भिंतीवर लावून काही होत नाही. तिथे रोजची बाजरी आहे, चवळी आहे, शेंगदाणा आहे, शेवग्याचा पाला आहे. (बाजरी मुळात तिकडून आपल्याकडे आली आणि शेवगा इकडून तिकडे गेला, देवाणघेवाण फिटली म्हणायची.) शेवग्याच्या पाल्यात शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा घालून केलेला कोप्तो नायजरमध्ये आवडीनं खातात. बाळाची पेज पातळ असेल तर ‘पौष्टिक द्या’ एवढं म्हणून थांबू नका. ती दाट करा, त्यात शेंगदाण्याचा कूट नि थोडं तेल घाला, असं सांगा आणि जमल्यास समोर करून दाखवा.

पाकीट दिलं, काम संपलं

उपचाराच्या शेंगदाणा पेस्टचं पाकीट ९२ ग्रॅमचं, साधारण ५०० किलोकॅलरीचं. देण्याआधी मूल ती समोर खातंय का ते बघायचं. तोंडच लावत नसेल तर त्याला घरी पाठवू नका, दवाखान्यात दाखल करा. वजन वाढत नसेल तर आईवर संशय घेण्याआधी विचारा की घरात आणखी मुलं किती. पाकीट वाटून खाल्लं जाणारच. अंगावर पिणाऱ्या बाळाला आधी दूध, मग पेस्ट, आणि सोबत स्वच्छ पाणी, हे दर भेटीला सांगावं लागतं.

आईच्या हातात पट्टी न देणं

झिंदेरमधल्या मिरिया भागात आयांनाच पट्टी देऊन बघितलं. त्यांचं मोजमाप प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या तोडीचं निघालं, मुलं लवकर सापडली, दवाखान्यात दाखल करायची वेळ कमी जणांवर आली. आईला आकडा नको, रंग पुरतो. मध्यबिंदू नजरेनं धरला तरी फारसं बिघडत नाही.

इथे अडचण येते ती केंद्रावर. आई ‘लाल’ म्हणून पायपीट करत येते आणि तुमच्या मोजणीत पिवळा भरतो. ‘उगाच आलीस’ म्हटलंत तर पुढच्या वेळी खरोखर लाल असूनही ती येणार नाही, आणि तिच्या शेजारणीही येणार नाहीत. दुसऱ्या कार्यकर्त्याकडून पुन्हा मोजून घ्या, पाय बघा, तिची पट्टी तिच्याकडूनच लावून घ्या, आणि पुढच्या आठवड्याची तारीख देऊन पाठवा.