सेफ्टी बोर्ड बनवायचाय? आधी मोजायची टेप काढा, शीट नंतर

आमचं दुकान बडोद्यात दांडिया बाजारात. आजोबा ब्रशनी पाट्या रंगवायचे, आता प्लॉटर (विनाइल म्हणजे चिकट प्लास्टिक फिल्म कापायचं मशीन) आहे आणि निम्मं काम मकरपुरा नि नंदेसरी जीआयडीसीचं, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांचं, म्हणजे सेफ्टी बोर्ड. भाचा नुकताच या धंद्यात आलाय, पहिल्याच ऑर्डरला त्याचा फोन, "मामा, सनबोर्ड घेऊ का एसीपी?" (सनबोर्ड म्हणजे हलकी फोमची शीट, एसीपी म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा असलेलं पॅनेल.) म्हटलं अरे बाबा, बोर्ड वाचणारा माणूस उभा कुठे राहणार ते आधी सांग. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यानी जे सांगितलं तेच इथे टाकतोय, कोणाच्या कामी आलं तर बरं.

तर अंतर. जुना ठोकताळा आहे, अंतर मीटरमधे घ्या, त्याचा वर्ग करा, २००० नी भागा, तेवढे चौरस मीटर चिन्हाचं क्षेत्रफळ किमान पाहिजे, साधारण ५० मीटरपर्यंत हे चालतं. १० मीटरवरून दिसायचं तर ०.०५ चौ.मी. म्हणजे चौकोन असेल तर बाजू साडेबावीस सेंटीमीटर, पण त्रिकोण असेल तर बाजू ३४ लागते, हे बरेच जण विसरतात आणि त्रिकोण बारका राहतो. अंतर दुप्पट झालं की बोर्ड चौपट. ए-फोर साइजचा बोर्ड जेमतेम ११ मीटरपर्यंतचा, आणि लोक तो अख्ख्या शेडच्या टोकाला लावायला मागतात! खाली मजकुराची पट्टी असेल तर ती या मापात धरू नका.

मग रंग. दुकानाच्या पाटीत गिऱ्हाइकाला वेगळेपणा हवा असतो, इथे उलट, तुमचा बोर्ड बाकीच्या बोर्डांसारखा जितका दिसेल तितका चांगला. आपल्याकडे आयएस ९४५७ हे भारतीय मानक आहे, चिन्हांसाठी बहुतेक मोठ्या कंपन्या आयएसओ ७०१० हे आंतरराष्ट्रीय मानक मागतात. मनाई म्हणजे लाल गोल आणि तिरपी पट्टी, धोका म्हणजे पिवळा त्रिकोण काळ्या कडेचा, "हे कराच" म्हणजे निळा गोल, बाहेर जायचा रस्ता नि फर्स्ट एड हिरवा चौकोन, आगीचं सामान लाल चौकोन. पिवळा, निळा, हिरवा रंग चिन्हाच्या निदान अर्ध्या भागावर पाहिजे, मनाईतला लाल निदान ३५ टक्के. "हेल्मेट घाला" लाल रंगात करून मागणारे दर महिन्याला भेटतात, एका साहेबांना तर कंपनीच्या लोगोचा जांभळा हवा होता, "काका, जरा आकर्षक करा ना". नाही केलं. फर्स्ट एडवर लाल क्रॉस पण काढू नका, ते रेड क्रॉसचं चिन्ह आहे आणि १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्टप्रमाणे परवानगीशिवाय वापरता येत नाही, हिरव्यावर पांढरा क्रॉस करायचा.

काही बोर्डांना तर माप नि मटेरियल पण ठरवून दिलेलं आहे, तिथे डोकं चालवूच नका. २५० व्होल्टच्या वर जिथे वीज आहे तिथे कवटी-हाडांची डेंजर प्लेट कायमची लावलेली पाहिजे, हिंदी किंवा इंग्रजीत आणि शिवाय स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे गुजरातीत, डिझाइन आयएस २५५१ प्रमाणे. ती १.६ मिलिमीटर एमएस (साध्या पोलादाच्या) शीटवर इनॅमल (भट्टीत भाजलेला काचेसारखा थर) केलेली येते, लो आणि मीडियम व्होल्टेजला २०० बाय १५०, हायला २५० बाय २०० मिलिमीटर. तयार घ्या, घरी विनाइल चिकटवून करायची ती चीज नाही. नो स्मोकिंगचा २००८ चा नियम आहे, बोर्ड किमान ६० बाय ३० सेंटीमीटर, पांढरी पार्श्वभूमी, गोल १५ सेंटीमीटरपेक्षा कमी नाही आणि लाल कड ३ सेंटीमीटर, तिरपी पट्टीही तेवढीच रुंद. कायद्याचा गोषवारा आणि नोटिसा १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या कलम १०८ प्रमाणे इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावायच्या असायच्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० चा ओएसएच कोड (कामगारांच्या सुरक्षा नि आरोग्याचा नवा कायदा) लागू झालाय, तेव्हा कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरकडून आत्ताचा मजकूर लेखी घ्या, जुनी फाइल परत छापू नका.

भाषेवरून आठवलं. नंदेसरीच्या एका प्लांटसाठी मी तीन भाषांत ४० बोर्ड केले, कारण कंत्राटी पोरं यूपी-बिहारची, त्यांना हिंदीच वाचता येतं. गुजराती मजकुराची फाइल कोरलमधे (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे) उघडली, फॉन्ट बदलला गेला, मात्रा एक घर सरकल्या आणि माझ्या लक्षातच आलं नाही, कारण मी शिकलो मराठी शाळेत आणि गुजराती आपली अंदाजानी वाचतो. ४० च्या ४० वाया, खर्च माझ्या खिशातून. तेव्हापासून मजकूर कर्व्ह केल्याशिवाय, म्हणजे अक्षरांचं चित्र केल्याशिवाय, फाइल घेत नाही, आणि ती भाषा नीट वाचणाऱ्याची प्रूफवर सही असल्याशिवाय मशीन सुरू करत नाही.

आता शीट. आत, सावलीत, कोरड्या जागी सनबोर्ड चालतो, ५ मिलिमीटर घ्या, ३ चा लवकर वाकतो. बॉयलरजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीवर मात्र बडोद्याच्या मे महिन्यात तो पापडासारखा वळतो, माझेच वळलेत. बाहेर एसीपी नाहीतर दीड-दोन मिलिमीटर ॲल्युमिनियम. एसीपीच्या पोटात साधारण पॉलिथिन असतं, ते जळतं, म्हणून आगीच्या जागी एफआर (सहज पेट न घेणारा) ग्रेड विचारून घ्या किंवा सरळ ॲल्युमिनियम. पण ॲसिडच्या वाफा असतील तर ॲल्युमिनियम नको, हायड्रोक्लोरिक जिथे हाताळतात तिथे प्लेटीवर पांढरी पूड धरून खड्डे पडलेले बघितलेत, तिथे एफआरपी (फायबरग्लास) किंवा पीव्हीसी.

छपाईपेक्षा रंगीत विनाइल कापून लावलेलं जास्त टिकतं, कारण रंग फिल्ममधेच असतो. प्रिंटच करायचं तर कोल्ड लॅमिनेशन (वरून पारदर्शक फिल्म, न तापवता दाबून) करा, नाहीतर उन्हात आधी लाल जातो, काळा राहतो. एका गेटवर मी बघितलं, नो स्मोकिंगचा लाल गोल आणि पट्टी उडून गेली होती आणि पांढऱ्यावर छानपैकी काळी सिगारेट तेवढी उरली होती, जणू इथे बसून ओढा. मी हसलो, मग मागे फिरून बघितलं तर खाली आमच्याच दुकानाचं स्टिकर.

नाइट ग्लो एक्झिट बोर्डाबद्दल एवढंच, तो उजेड पिऊन मग चमकतो. वीज वाचवायला जिन्यातला दिवा दिवसभर बंद असेल तर लाइट गेल्यावर तो पण बंदच, आणि वर यूव्ही गाळणारं लॅमिनेशन लावलं तर चार्जच नीट होत नाही. देताना दिवा घालवून गिऱ्हाइकासमोर दाखवा.

लावताना डबल टेपवर भरवसा ठेवू नका, ऑगस्टमधे सगळं खाली येतं. एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू वापरा, साध्या स्क्रूचा गंज पावसात ओघळून थेट चिन्हावर येतो. ॲल्युमिनियम नि एसीपी उन्हात वाढतात, म्हणून भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवा आणि फार आवळू नका. आणि दाराच्या पल्ल्यावर बोर्ड लावू नका, दार उघडलं की तो भिंतीकडे तोंड करून उभा. भाच्यानी पहिले दोन नेमके तिथेच लावलेत, उद्या काढायला जायचंय.