रंगीत प्रिंट काढताना या चुका टाळा

निगेटिव्हवरून रंगीत प्रिंट काढायला शिकणाऱ्यांची एकच तक्रार कानावर येते: रंग जुळत नाही. शेजारी उभं राहून बघितलं की बहुतेक वेळा घाईच दिसते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओली प्रिंट बघून रंग ठरवणं. आरए-४ (रंगीत निगेटिव्हवरून प्रिंट काढायची रासायनिक पद्धत) चा कागद ओला असताना निळसर, दुधाळ दिसतो. वाळला की ती झाक जाते. हे ऐकून माहीत असूनही मी एक अख्खी रात्र घालवली आहे. मैत्रिणीच्या आजीचा फोटो होता, मागे राखाडी भिंत. ट्रेमधून काढल्यावर भिंत निळी वाटली, म्हणून एन्लार्जरमधला (निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणारं यंत्र) पिवळा फिल्टर ५ ने कमी केला. पुढचीही निळी, पुन्हा ५. असं करत पहाट झाली. सकाळी दोरीवरच्या वाळलेल्या प्रिंट ओळीने बघितल्या, तर भिंत पहिल्याच प्रिंटमध्ये बरोबर होती आणि शेवटच्या प्रिंटमध्ये आजीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा. तेव्हापासून हेअर ड्रायर डार्करूममधून हलत नाही. टेस्ट स्ट्रिप (चाचणीसाठी छापलेली कागदाची पट्टी) खडखडीत वाळवायची, ५००० केल्विनच्या दिव्याखाली धरायची, मगच निर्णय. टक लावूनही बसू नका, डोळा झाकेला लगेच सरावतो. क्षणभर बघा, नजर वळवा, पुन्हा बघा. बघायचं ते मधल्या टोनमध्ये: त्वचा, राखाडी भिंत, रस्ता.

दुसरी चूक उलट्या दिशेची. प्रिंट पिवळी दिसते म्हणून पिवळा फिल्टर कमी करतात आणि ती आणखी पिवळी होते. इथे जी झाक जास्त, तोच फिल्टर वाढवायचा. हिरवी झाक असेल तर मॅजेंटा (जांभळट गुलाबी) कमी, निळी असेल तर पिवळा कमी, लाल असेल तर पिवळा आणि मॅजेंटा दोन्ही सारखेच वाढवायचे. सायन (हिरवट निळा) शून्यावर ठेवा. तिन्ही लावले तर नुसता उजेड कमी होतो, हाती काही लागत नाही.

रंगाला हात लावण्याआधी एक्स्पोजर, म्हणजे कागदावर पडणारा उजेड, बरोबर हवं. फिकट किंवा काळपट प्रिंटवरून झाक ओळखताच येत नाही. मॅजेंटा वाढवला की प्रिंट उजळ होते, कारण कागदातला मॅजेंटा रंग कमी बनतो आणि गडदपणाचा मोठा वाटा त्याचाच असतो. पिवळ्याचा परिणाम त्या मानाने नगण्य. म्हणून मॅजेंटा १० ने जरी हलवला तरी मी वेळेची स्ट्रिप पुन्हा काढते. दुसऱ्याचे फिल्टरचे आकडे मागत फिरणाऱ्यांना तर मी आकडे देतच नाही. तुमचा दिवा, तुमचं कलर हेड (एन्लार्जरचा फिल्टर असलेला भाग), तुमचा कागद वेगळा आहे.

ब्लॅक अँड व्हाइटचा लाल दिवा इथे चालत नाही, कागदावर धुकं येतं. काम पूर्ण अंधारातच करा. ब्लिक्सचे (ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं द्रावण) थेंब डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं द्रावण) पडू देऊ नका, मध्ये स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) ठेवा. डेव्हलपर ३५ अंशांवर ४५ सेकंद चालवत असाल तर दर वेळी तेवढंच. कागदाचं नवं पाकीट फोडलं की स्ट्रिप नव्याने.

सावल्या हिरव्या आणि उजळ भाग गुलाबी येत असतील, तर फिल्टर फिरवत बसू नका. एक भाग सुधारला की दुसरा बिघडणार. आधी त्याच कागदावर, त्याच केमिकलमध्ये दुसरी, खात्रीची निगेटिव्ह छापून बघा. ती नीट आली, तर दोष पहिल्या निगेटिव्हमध्येच आहे.