बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे

ॲपवर स्वतःच्या जबाबदारीने गाडी चालवणाऱ्यांनी आयकर विवरणपत्रात केवळ खात्यात जमा झालेला आकडा लिहू नये. प्रवाशाने मोजलेले पूर्ण भाडे आणि रोख मिळालेली बक्षिसी प्राप्तीत दाखवून कंपनीचे कमिशन खर्चाच्या बाजूला मांडावे, कारण कंपनीने कर खात्याला कळवलेला आकडा अनेकदा कमिशन कापण्याआधीचा असतो आणि तफावत दिसली की विचारणा होते.

खरा फरक पडतो तो किलोमीटरच्या नोंदीने. सकाळी मीटर ४१,३२०, रात्री ४१,४७८. त्यातले २२ किलोमीटर घरच्या कामाचे, म्हणजे धंद्याचे १३६, अशी नोंद त्याच दिवशी वहीत करावी, कारण ॲपच्या सारांशात पुढच्या भाड्यासाठी रिकामे कापलेले अंतर बहुधा धरलेलेच नसते. प्रत्यक्ष खर्चाच्या पद्धतीत, म्हणजे गाडीवर खरोखर झालेला खर्च उत्पन्नातून वजा करताना, वर्षाच्या ३०,०००पैकी २४,००० किलोमीटर धंद्याचे ठरले, तर इंधन, विमा आणि दुरुस्तीचा ८० टक्के भागच वजावटीस धरावा.

पंपावरच्या पावतीची छपाई काही महिन्यांत उडून जाते (ऐन गरजेच्या वेळी हाती कोरा कागद उरतो!), म्हणून तिचा फोटो लगेच काढावा. पगारदारासारखा दरमहा कर कापला जात नसल्याने, आगाऊ कराच्या हप्त्यांसाठी दर आठवड्याला काही रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी.