हिपॅटायटिस बीवर संशोधन सुरू करताना

दीर्घकालीन हिपॅटायटिस बीवर काम करायला येणारे विद्यार्थी बहुधा एकच बाजू धरतात: कोणी विषाणूचा सीक्वेन्स, कोणी रुग्णाच्या अँटिबॉडी. मी सीक्वेन्सिंगकडून आले. सिरमचा रिपोर्ट (रक्तातल्या अँटिजेन-अँटिबॉडींच्या चाचण्यांचा) शेजारी ठेवल्याशिवाय सीक्वेन्स उघडायचा नाही, ही सवय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

विषाणूचा जीनोम जेमतेम ३२०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, पण जनुकं एकमेकांवर चढलेली. पॉलिमरेजमधला, म्हणजे विषाणूच्या जीनोमची नक्कल करणाऱ्या एन्झाइममधला, बदल बाहेरच्या आवरणाच्या सरफेस प्रोटीनमध्येही उमटू शकतो. लॅमिव्ह्युडिन या औषधाला दाद न देणारा, पॉलिमरेजच्या २०४ व्या जागेवरचा बदल घ्या. त्याच्यासोबत सरफेसची १९५ वी किंवा १९६ वी जागाही बदलते. म्हणून प्रत्येक म्युटेशन दोन्ही फ्रेममध्ये, म्हणजे दोन्ही प्रोटीनच्या वाचनक्रमात, वाचा.

जीनोममधली १८९६ ही जागा मात्र निवांत बघा. तिथे जी या बेसच्या जागी ए आला की प्रीकोअर या भागात स्टॉप कोडॉन (प्रोटीन तिथेच थांबवणारी खूण) तयार होतो आणि रक्तात सोडलं जाणारं ई-अँटिजेन हे प्रोटीन बनणं थांबतं. रिपोर्टवर ‘ई-अँटिजेन निगेटिव्ह, अँटी-एचबीई (त्याविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह’ दिसतं, विषाणू मात्र वाढतच असू शकतो. क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे सीक्वेन्सिंगच्या आलेखात, इथे जी आणि ए अशी दोन शिखरं एकावर एक दिसली, तर सॉफ्टवेअरने दिलेलं एक अक्षर स्वीकारू नका. रुग्णात दोन्ही विषाणू एकत्र नांदत असण्याची शक्यता आहे. विषाणूच्या जीनोटाइप ए या प्रकारात हा बदल कमी आढळतो, कारण आरएनएच्या घडीत १८९६ शी जोडी जमवणाऱ्या समोरच्या १८५८ व्या जागेवर सहसा सी असतो आणि १८९६ चा जी बदलला तर ती घडी सैल पडते. मला या विषयात याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

अँटिबॉडींबद्दल एक गैरसमज लवकर सोडा. दीर्घकालीन रुग्णात अँटी-एचबीएस, म्हणजे सरफेस अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी, सापडत नाही, याचा अर्थ ती बनतच नाही असा नव्हे. रक्तात रिकाम्या सरफेस कणांचा पूर असतो, पूर्ण विषाणूंच्या हजारो पट. बनलेली अँटिबॉडी त्यांनाच चिकटून बसते आणि नेहमीच्या चाचणीत मोकळी मिळत नाही. बी-पेशीही थकलेल्या असतात. कोअरविरुद्धच्या, म्हणजे विषाणूच्या आतल्या कवचाविरुद्धच्या, अँटिबॉडी मात्र भरपूर मिळतात, पण त्या संरक्षण देत नाहीत.

सरफेस अँटिजेन निगेटिव्ह आणि तरीही डीएनए पॉझिटिव्ह असा नमुना आला, तर दूषितीकरणाची शक्यता तपासल्यावर ‘ए’ डिटरमिनंटचा, म्हणजे अँटिबॉडी ओळखतात त्या सरफेस प्रोटीनच्या १२४ ते १४७ या जागांचा सीक्वेन्स करा. १४५ व्या जागेवर ग्लायसीनऐवजी आर्जिनीन असेल, तर काही किटमधल्या अँटिबॉडींना तो अँटिजेन ओळखू येत नाही. तोच नमुना वेगळ्या किटवर पुन्हा लावा.