आईला घेऊन हिवाळ्यात बेळगावला दोन दिवस: या चुका टाळा

निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटर. आम्हा सीमाभागातल्या लोकांना ते अंतर वाटतच नाही. सकाळी निघायचं, बाजार नि नातेवाईक उरकून रात्री घरी. पंच्याहत्तरीच्या आईला घेऊनही मी पहिल्या वर्षी तशीच निघाले आणि चुकले. भावानं सहाला गाडी काढली. तवंदी घाटात धुकं, आईचे गुडघे आखडलेले, बीपीची गोळी "पोचल्यावर घेतो की" म्हणून राहिलेली. बेळगावात तिला गाडीतून उतरवायलाच पाच मिनिटं लागली.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. अशा सकाळी गोळी चुकवणं सगळ्यात वाईट. आता आम्ही नाश्ता आणि गोळी झाल्यावर, नऊनंतर ऊन आलं की निघतो. औषधं डिकीतल्या बॅगेत नाही, माझ्या पर्समध्ये असतात, आणि दोन दिवस जास्तीची.

दुसरी चूक मला फार उशिरा कळली. प्रवासात आई पाणीच पीत नव्हती. वाटेत लघवीला लागेल, जागा मिळणार नाही, मुलाला गाडी थांबवायला सांगायची लाज वाटेल, म्हणून सकाळपासून एक घोट नाही. त्यात थंडीत तहान लागत नाही. दुपारी चक्कर आली तेव्हा आम्ही "दगदग झाली" म्हणून मोकळे झालो. आपल्याकडच्या बहुतेक आया हेच करतात आणि सांगत नाहीत. "जायचंय का?" असं विचारलं तर उत्तर "नको" हेच येतं. म्हणून मी विचारणं सोडलं. तासाभरानं बऱ्याशा हॉटेलापाशी गाडी थांबते, मी स्वतः आत जाऊन बघून येते आणि म्हणते, "चल, मला जायचंय." मग ती येते. परत आल्यावर थर्मासमधलं कोमट पाणी. चार पावलं चालणं होतं, त्यामुळे पायांना सूजही कमी येते. तरी चक्कर आलीच तर लगेच बसवा, पाणी द्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि जेवण लांबलं असेल तर साखर खाली गेलेली असू शकते, आधी साखर किंवा गोड काहीतरी द्या. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा. हा नंबर सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो.

तारीख ठरवताना कॅलेंडरमधली सुट्टी बघून भागत नाही. २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात बेळगावात भरतं. त्या दिवसांत लॉज भरलेले, रस्त्यांवर मोर्चे आणि पोलीस. १ नोव्हेंबरही टाळा. एकीकडे कर्नाटकाच्या स्थापना दिनाच्या, राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे आपला मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवरच थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये तेच झालं. कोल्हापूर, गडहिंग्लजकडून म्हाताऱ्या माणसाला घेऊन येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी बेळगावातल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करावाच. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या यात्रेमुळे सौंदत्तीच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे "जाता जाता यल्लम्मा" हा बेत त्या दिवशी नको.

बसनं जाणार असाल तर तिकिटाचं आधी समजून घ्या. कर्नाटकातली मोफत बसप्रवासाची शक्ती योजना राज्यातल्या रहिवासी महिलांसाठी आणि राज्याच्या हद्दीतच आहे. महाराष्ट्राच्या आधार कार्डावर मोफत तिकीट मिळत नाही, आणि एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. कंडक्टरशी वाद झाला की आईलाच अपराधी वाटतं. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, तिला एकटीला स्टँडवर "बघून बस" म्हणून सोडू नका.

लॉज घेताना भाव आम्ही शेवटी विचारतो. आधी विचारतो: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं? सोलरचं पाणी सकाळी लवकर संपतं, आणि गार पाण्यानं अंघोळ करूनही आई तक्रार करत नाही. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवा. पायात रबरी तळव्याची चप्पल हवी, गार फरशीवर नुसते मोजे घसरतात.

फिरणं अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण. किल्ल्यातली कमल बसदी आम्हाला सोयीची वाटली, खरं सकाळी लवकर नको, अनवाणी पायांना दगड बर्फासारखा लागतो. १२०४ सालचं हे जैन मंदिर, छताला दगडी कमळ, त्याच्या ७२ पाकळ्या. ते बघायला मान वर करावी लागते आणि वयस्कर माणसाला तिथंच गरगरतं. आधी बसवा, मग वर बघू द्या. गणपत गल्ली, खडे बाजार संध्याकाळी गर्दीचे, टेकायला जागा नाही. घ्यायचंच असेल तर अकराच्या सुमाराला जा. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात बघावा, हिवाळ्यात पाणी फारसं नसतं.

त्या पहिल्या वर्षी किल्ल्यापाशी आई म्हणाली, "मी गाडीतच बसतो, तुमी जाऊन या." आम्ही गेलो, तासाभरानं आलो. ती काच खाली करून बसून होती. पुढच्या वर्षी मी बेत ठरवण्याआधी तिच्या भाकरीच्या परातीजवळ बसून विचारलं, "बेळगावात तुला कुणाला भेटायचंय?" ताबडतोब उत्तर आलं: शहापुरात, लहानपणीची मैत्रीण. इतकी वर्षं आम्ही त्या गल्लीवरून जात होतो.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ तिथंच जाते. दोघी उन्हात सोप्यावर बसतात, आम्ही तेवढ्यात बेळगावची मिठाई, कुंदा घेऊन येतो. तीनला निघतो, म्हणजे वंटमुरीचा घाट उजेडात पार होतो आणि गार वारं सुटायच्या आत घर येतं. मैत्रिणीनं दिलेले मांडे मोडू नयेत म्हणून आई ते घरापर्यंत मांडीवरच धरते.